ताम्हणातली दीर्घिका

मुकुंदराव,

ताम्हण परत आले. तुमचे तेरावे झाल्यावर विहीणबाईंनी ते मेधाच्या हाती डोंबिवलीला पाठवले. चिंचेने घासून लख्ख केलेले होते. सोबत निरोप होता : "आप्पांना म्हणावं, शनिवारचा वर्ग बंद पडू देऊ नका. मुलं विचारतायत." मेधाने निरोप सांगितला, ताम्हण देवघरात ठेवले आणि ती चहा टाकायला आत गेली. मी तिथेच उभा राहिलो. ज्या पात्रावरून आपण इतके दिवस हुज्जत घातली, ते तुम्ही नसताना इतक्या मुकाट्याने घरी यावे, हे मला सोसले नाही.

आज शुक्रवार आहे. उद्या दुपारी बाळकुमला तुमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये मुले सतरंजीवर येऊन बसतील. कोट्यवधी ताऱ्यांची दीर्घिका म्हणजे काय, आणि आपण तिच्यात कुठे आहोत, हे सांगायला तुमच्या जागी मी उभा असेन. आयुष्यभर शाळेत संस्कृत शिकवले. वर्गाची भीती मला कधी वाटली नव्हती. उद्याची वाटते. त्यातही ईराची अधिक वाटते. तुमच्या निखिलची आणि माझ्या मेधाची लेक, आपल्या दोघांची मिळून एकच नात. नऊ वर्षांच्या मुलीला भिणारा म्हातारा पाहून तुम्ही खुर्चीत मागे रेलून हसला असता. हसा. पण आधी तुमच्या मागे इथे काय होऊन बसले आहे, ते ऐका.

तुम्हाला नेल्यावर घरात माणसांची रीघ लागली होती. त्यांतल्या कोणी एका बाईंनी, त्या नात्यातल्या की शेजारच्या हे मला कळले नाही, ईराला जवळ घेतले आणि त्या म्हणाल्या, "रडायचं नाही हं बाळा. आजोबा तारा झाले." बोलणाऱ्या बाईंचे मन चांगले होते. दुसऱ्या एखाद्या मुलीचे त्या शब्दांनी समाधानही झाले असते. पण ही तुमची विद्यार्थिनी. तिचे रडे तिथल्या तिथे थांबले आणि मला तेच बरे वाटेना. संध्याकाळी ती माझ्याशेजारी येऊन बसली.

"आप्पाआजोबा, ते पोचलेच नसणार ना अजून?"

"कोण बाळ?"

"आजोबा. सूर्य सोडला तर सगळ्यात जवळच्या ताऱ्याकडे जायला उजेडाला पण चार वर्षं लागतात. चारच्या पण वर. आणि आजोबा तर नाक्यापर्यंत जाताना दोनदा थांबायचे, गुडघ्याला हात लावून. मग ते आत्ता कुठे असतील? मधे तर काहीच नाहीये. त्यांनीच सांगितलंय. नुसता काळोख आहे तिथे."

मुकुंदराव, देह सोडल्यानंतर जीवाचे काय होते, याविषयी शास्त्रांत जे सांगितले आहे, ते मी श्रद्धेने वाचले आणि अनेक घरांत अनेकांना समजावूनही सांगितले. त्या मुलीपुढे त्यातले एक अक्षर ओठांवर येईना. तिला तेही त्या बाईंच्या ताऱ्यासारखेच वाटले तर? आणि तुमच्या विज्ञानातून उत्तर शोधू जावे, तर तिचा हिशेब बिनचूक होता. मी नुसता तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिलो. माझ्या हाताला तिचा श्वास उथळ लागत होता.

तेव्हापासून ती गॅलरीतला दिवा मालवू देत नाही. "त्यांनी मागे वळून बघितलं तर घर दिसायला पाहिजे," एवढेच सांगते. मेधा म्हणते, ती जेवते, शाळेत जाते, वरवर सगळे ठीक आहे. मात्र मधूनच तिचे बोलणे थांबते आणि ती कुठेतरी दूर जाऊन उभी राहिल्यासारखी दिसते. मेधाचा आवाज हे सांगताना बदलतो. तो बदल आईच्या पोटातल्या भीतीचा आहे, हे मला कळते. मीही तिचा बाप आहे.

आपले पहिले भांडण आठवते का? मांडवातले. मुलीचा बाप म्हणून व्याह्यांकडून मानपानाची एखादी कुरबुर ऐकून घ्यायची माझी तयारी होती. प्रत्यक्षात गुरुजी कन्यादानाचा संकल्प सांगत असताना तुम्ही फेटा सावरत पुढे झालात आणि भर मांडवात विचारलेत, "गुरुजी, एक मिनिट. तुम्ही हा पत्ताच सांगताय ना?" हशा पिकला. वरपित्याला गप्प बसवण्याची सोय आपल्या शिष्टाचारात नाही, म्हणून मी दात आवळून बसलो.

पंगतीत तुम्ही मुद्दाम माझ्या शेजारचा पाट धरलात. मग मी तुम्हाला सांगितले, की होय, तो पत्ताच आहे. कोणतेही धर्मकार्य करण्याआधी माणसाने आपण कुठे आणि केव्हा आहोत, ते उच्चारायचे. ब्रह्मदेवाच्या आयुष्यापासून आरंभ करायचा, मग कल्प, मन्वंतर, युग असे काळातून खाली उतरायचे. मग देशातून, जंबुद्वीप, भरतवर्ष, गोदावरीचा दक्षिण तीर असे जवळ यायचे. शेवटी आपले गोत्र, आपले नाव, आणि हातातले पाणी ताम्हणात सोडायचे. एवढ्या अफाट पसाऱ्यात मी नेमका या ठिकाणी उभा आहे आणि हे एवढे काम करतो आहे, असा त्याचा भाव.

तुम्ही जिलबी हातात धरून ऐकत होता. "डोंबिवलीहून गोदावरी दिसते का हो, शास्त्रीबुवा?"

"दिसत नाही."

"मग?"

"दिसायला कशाला हवी? ती आहे, तेवढे पुरते."

तुम्ही वाढप्याला आणखी जिलबी घालायला सांगितलीत. मी शास्त्री नाही, हे मी तुम्हाला पुष्कळदा सांगितले. तुम्ही शेवटपर्यंत शास्त्रीबुवाच म्हणालात.

मुलांचा वर्ग तुम्ही निवृत्तीनंतर काढलात. ताम्हणाची गोष्ट त्यानंतरची. तुम्ही आमच्याकडे आला होता. माझी संध्या नुकतीच आटोपली होती आणि ताम्हणात पाणी तसेच होते. तुम्ही काय केलेत? पळीने ते पाणी गरगर फिरवलेत आणि नैवेद्याच्या वाटीतल्या दुधाचे थेंब मध्यभागी सोडलेत. तांब्याच्या लालीवर पांढरे वळसे उमटले आणि फाकत कडेपर्यंत गेले. "ईरा, इकडे ये. पळत ये. ही बघ दीर्घिका."

मी सोवळ्यात उभा होतो. "मुकुंदराव, ते संध्येचे पात्र आहे."

"म्हणूनच मागतोय. स्टीलच्या ताटात हे असं दिसत नाही. शनिवारपुरतं द्या."

मी कल्याणच्या बाजारातून तुमच्यासाठी नवे कोरे ताम्हण आणले. तुम्ही ते विहीणबाईंना तुळशीपुढे ठेवायला दिलेत आणि माझेच मागत राहिलात. नव्याला ती लाली नाही म्हणे. मग ते दर शनिवारी बाळकुमला जाऊ लागले, रविवारी परत येऊ लागले, आणि मी ते धुऊन, पुन्हा धुऊन संध्येला घेऊ लागलो. एकदा चिडून तुमचा वर्ग पाहायला आलो, तो ताम्हणाचे काय हाल होतात हे पाहण्यासाठी. तेव्हा तुम्ही मुलांना म्हणत होता, "हे खरं नाही हं. दिसायला असं, एवढंच. खऱ्या दीर्घिकेत दूध नसतं, तारे असतात. आणि ती एवढ्या घाईत नसते." आपण जे दाखवतो ते कुठवर खरे आहे, हे मुलांना आधीच सांगून टाकणारा शिक्षक मी फारसा पाहिला नव्हता. त्या दिवशी मी ताम्हणाविषयी काही न बोलता घरी आलो.

तुमचा तो पत्त्याचा खेळही मी त्याच दिवशी प्रथम पाहिला. प्रत्येकाने आपला पत्ता सांगायचा आणि दर आठवड्याला तो एका पायरीने मोठा करायचा. बी विंग, बाळकुम, ठाणे, महाराष्ट्र, भारत, पृथ्वी, सूर्यमाला, आकाशगंगेची मृग भुजा, म्हणजे तिच्या ज्या वळशात आपण आहोत तो. आणि तुमचा नियम असा, की प्रत्येक पायरीला खूण हवी. "रिक्षावाल्याला नुसतं बाळकुम सांगून भागतं का? पाण्याच्या टाकीसमोर म्हणावं लागतं. खूण नसलेला पत्ता मी घेणार नाही." एक मुलगा, तो तन्मय, म्हणाला, "सर, मग आकाशगंगेची खूण काय?" तुम्ही म्हणालात, "शेजारी देवयानी नावाची मोठी दीर्घिका राहते. तिच्या समोरच्या घरी आपण." मुले खिदळली. मीही हसलो असेन.

आपला खरा वाद मात्र दिशेचा होता, आणि तो तसाच राहिला. तुम्ही मुलांना घरातून बाहेर नेत गेलात. दीर्घिका, दीर्घिकांचा समूह, समूहांचा महासमूह. आमचा संकल्प बाहेरून आत येतो आणि माणसाला त्याच्या नावाशी आणून उभे करतो. मी तुम्हाला म्हणत असे, की एवढ्या लहान जीवांना इतके दूर नेऊन तिथेच सोडू नका. तुम्ही म्हणत असा, की मुले घाबरत नसतात, म्हातारे घाबरतात. ते अर्धे खरे होते. मी घाबरलो होतोच. त्या शेवटच्या वर्गात तुम्ही त्यांना महासमूहापर्यंत नेलेत आणि दुसऱ्या दिवशी ईरा आमच्याकडे आली. जेवता जेवता तिने विचारले, "आणि त्याच्या बाहेर काय?" तिने घास ताटात परत ठेवला.

मी तुम्हाला फोन केला.

"मुकुंदराव, मुलांना तिथवर नेलेत. आता परत आणा."

"परत काय आणायचं? ती गेलीयत कुठे? सतरंजीवरच तर बसलीयत."

"शरीराने."

"तुम्ही म्हणजे ना, शास्त्रीबुवा." तुम्ही हसलात. "बरं. या शनिवारी तुम्हीच या. तुमचं ताम्हण इथेच राहिलंय, ते न्यायला म्हणून या. मी नेतो, तुम्ही आणा. बघू कोणाचं जास्त टिकतं."

मंगळवारी दुपारी चहाचा कप निवत ठेवून तुम्ही निघून गेलात. मुले अजून तिथेच आहेत, मुकुंदराव. आणि आता तुम्हीही तिथेच कुठेतरी आहात, असे आपल्या नातीला वाटते. उद्या मला त्या सगळ्यांना घेऊन यायचे आहे. मला रस्ता येत नाही.

एक गोष्ट तुम्हाला सांगायची राहून गेली. ती आता लिहितो. तुमचा तो वर्ग पाहून आल्यानंतर माझ्या रोजच्या संकल्पात, काळ संपून देश सुरू होतो त्या सांध्यावर, मी मनातल्या मनात तुमची आकाशगंगा आणि तिची मृग भुजा म्हणू लागलो. उच्चार कधी केला नाही. पूर्वजांनी घालून दिलेल्या शब्दांत आपण भर घालावी, एवढा माझा अधिकार नाही, म्हणून भीत भीत, नुसते मनात. पण म्हणत आलो. तुम्हाला सांगितले असते, तर तुम्ही बाळकुमभर मिरवले असते. म्हणून टाळले. आता वाटते, मिरवू द्यायला हवे होते.

रविवार, सकाळ.

काल गेलो होतो. गुडघ्यांना स्टेशनचे जिने झेपत नाहीत, म्हणून कल्याणला जाऊन ठाण्याच्या खोपट स्थानकाची एसटी धरली. ताम्हण पिशवीत मांडीवर होते, त्याची कड वर आलेली. कंडक्टर म्हणाला, "काका, पूजा कुठं?" मी म्हटले, "बाळकुमला." "सत्यनारायण?" "नाही." त्याने पुढे विचारले नाही, ते बरे झाले. वाटभर मी पायऱ्या घोकत होतो. महासमूह, स्थानिक समूह, आकाशगंगा, मृग भुजा, सूर्यमाला. परीक्षेला निघालेल्या मुलासारखा.

हॉलमध्ये तुमची खुर्ची होती तिथेच आहे, विहीणबाईंनी शिवलेल्या उशीसकट. मी तिच्यावर बसलो नाही. मुलेही तिच्यापासून जरा अंतर ठेवून बसली होती. ईरा मात्र रोजच्या जागी, खुर्चीच्या डाव्या हाताला, पाय दुमडून. माझ्याकडे पाहत होती आणि पाहत नव्हती.

मी पाणी फिरवले, दूध सोडले. वळसे तुमच्याइतके चांगले आले नाहीत. "सर जोरात फिरवायचे," तन्मय म्हणाला. मग मी मुलांना सांगितले, की सरांनी तुम्हाला घरापासून बाहेर नेले, आज आपण बाहेरून घरी यायचे. संकल्प म्हणजे काय ते सांगितले. गोदावरीही सांगितली, आणि ती इथून दिसत नसूनही आम्ही तिची खूण का धरतो, हेही सांगितले. उजव्या तळहातावर पाणी घेतले आणि महासमूहापासून सुरुवात केली. स्थानिक समूह आला. आकाशगंगा आली. मृग भुजा, सूर्यमाला, पृथ्वी. सगळे नीट चालले होते. आणि मग जंबुद्वीप हा शब्द जिभेवर आला, आणि मुकुंदराव, मुंज झाल्यापासूनची सवय, ती मला ओढून घेऊन गेली. मी संस्कृतात कधी शिरलो ते कळले नाही. भरतवर्ष, गोदावरीचा दक्षिण तीर, माझे गोत्र, माझे नाव, आणि पाणी सुटले ताम्हणात.

डोळे उघडले तर मुले माझ्याकडेच पाहत होती.

तन्मयच बोलला. "काका, तुम्ही पोचलात. आम्ही?"

"आम्ही वरच राहिलो," मागून कोणीतरी म्हणाले. मुले हसू लागली. मला हसता येईना. ज्या एका गोष्टीसाठी मी तुमच्याशी इतके भांडलो, तीच मी तुमच्या खुर्चीसमोर उभा राहून केली होती. एकटा घरी आलो, आणि मुलांना त्या काळोखात ठेवून आलो. पुन्हा आरंभ करावा म्हणून मी पळीकडे हात नेला, तर पळी जागेवर नव्हती.

ती ईराच्या हातात होती. तिने स्वतःच्या तळहातावर पाणी ओतून घेतले. बोटांमधून ते गळत होते.

"मी आणते," ती म्हणाली. "महासमूह. त्याच्या कडेला आपला स्थानिक समूह. मग देवयानीच्या समोरची आपली आकाशगंगा. मृग भुजा. सूर्यापासून तिसरी ती पृथ्वी." ती घाईत नव्हती. प्रत्येक नावाला जरा थांबत होती आणि बाकीची मुले खाली मान घालून ऐकत होती, जणू त्यांनाही पाऊल टाकायचे होते. "भारत. महाराष्ट्र. गोदावरीच्या या बाजूला. ठाणे. बाळकुम, पाण्याच्या टाकीसमोर. बी विंगच्या खालचा हॉल." इथे ती अडली. हातात पाणी जेमतेम उरले होते. तिने एकदा डावीउजवीकडे पाहिले.

"आजोबांच्या खुर्चीच्या डाव्या बाजूला. ईरा."

आणि पाणी सोडले.

"ए, पण खुर्ची हलवली तर?" तन्मय म्हणाला. "उद्या सोसायटीवाले उचलून नेतील ना."

ईराने हात फ्रॉकला पुसले. "मग काय झालं? गोदावरी पण नाही दिसत इथून."

त्यानंतर वर्ग माझ्या हातात राहिला नाही. प्रत्येकाला पळी हवी होती. प्रत्येक जण महासमूहापासून निघून आपापल्या खुणेपाशी आला, कोणी आईच्या शिवणयंत्राशेजारी, कोणी गेटवरच्या कुत्र्याच्या मागे. तन्मय दोनदा आला, कारण पहिल्यांदा त्याची सूर्यमाला राहिली होती. फरशीवर पाण्याचे थारोळे झाले. विहीणबाई दारात फडके घेऊन उभ्या होत्या, पण पुसायला पुढे आल्या नाहीत.

मेधाचा फोन आत्ताच येऊन गेला. गॅलरीतला दिवा काल रात्रीही चालूच होता. मला अजून काळजी आहे, आणि ती एका शनिवारात जाईल असे मी धरलेले नाही. झोपण्याआधी ईराने आईला एवढेच विचारले म्हणे, "आप्पाआजोबा पुढच्या शनिवारी येणार ना? त्यांना पाणी नीट फिरवता येत नाही अजून."

येतो म्हणून सांगितले आहे. ताम्हण तिथेच ठेवून आलो.

आज संध्येला वाटी घेतली. संकल्प सुरू केला आणि देशाच्या सांध्यावर तुमची आकाशगंगा आली, रोजच्यासारखी, मनात. गोदावरीचा तीर आला. त्यापुढे गोत्र यायचे. ते आले नाही. आधी बाळकुमची खुर्ची आली, आणि ती मी मनात नाही म्हटली, मुकुंदराव, मोठ्याने म्हटली. बरेचसे पाणी वाटीबाहेर पडले.